फरारबाईंची शाळा

माझी आजी नगरच्या मिशन कंपाउंडात वाढली. शिक्षिकेला ती बाई म्हणायची, पण गोरी असली की मडम. दहा आज्ञा आणि टीप घालणं हे दोन्ही तिला एकाच वयात, एकाच मडमेनं शिकवलं. त्यामुळे देवाचा विषय निघाला की तिला हटकून सुईदोरा आठवायचा. टाका वाकडा पडला की मडम रागवायची नाही, मुकाट्यानं उसवून द्यायची. आजीच्या ख्रिस्ती श्रद्धेत बायबलाएवढाच त्या उसवण्याचा वाटा होता, असं मला वाटतं.

नगरमध्ये या परंपरेची सुरुवात सिंथिया फरार यांच्यापासून होते. अमेरिकन मिशननं पाठवलेल्या या अविवाहित बाई 1827 च्या डिसेंबरात मुंबईला उतरल्या, तेव्हा त्यांचं वय बत्तीस होतं. जोतीराव फुल्यांचा जन्म त्याच वर्षी एप्रिलात झालेला. मुंबईत मुलींच्या शाळा चालवून बाई 1839 मध्ये नगरला आल्या आणि 1862 मध्ये इथेच वारल्या.

हेतूबद्दल उगाच गोडवे गायचं कारण नाही. मुली शिकाव्यात आणि ख्रिस्ताकडे याव्यात, अशीच या शाळांची इच्छा होती. आईबापांना ते कळत होतं. मुंबईत 1843 मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्यानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला, तेव्हा प्रकरण कोर्टात पोचलं. कोर्टानं पोर बापाच्या हवाली केलं. मग त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावर शहर दुभंगलं, आणि घ्यावं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना स्वकीयांच्या शिव्या खाव्या लागल्या. इंग्रजी हवी पण पाद्री नको, अशी त्या काळच्या पालकांची कोंडी होती. मला तरी ती खोटी वाटत नाही.

जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. तिथून बाहेर पडल्यावर एका मित्राबरोबर ते नगरला आले आणि फरारबाईंच्या शाळा त्यांनी पाहिल्या. मुलींना शिकवण्याची तिथली रीत त्यांना आवडली. पुण्याला परतून 1848 मध्ये भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. ही ऐकीव गोष्ट नाही. 1853 च्या सप्टेंबरात ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्रात त्यांनीच हे सांगितलं आहे. सावित्रीबाईंनीही शिकवण्याचे धडे फरारबाईंकडेच घेतले, असं सांगतात.

बाप्तिस्मा मात्र जोतीरावांनी कधीच घेतला नाही. मिशनच्या हिशेबात ते बुडीत खातंच म्हणायचं! पण 1873 च्या ‘गुलामगिरी’त येशू येतो तो बळीराजा होऊन, गांजलेल्यांचा कैवारी म्हणून. पाद्र्यांनी शिकवलेला ख्रिस्त या माणसानं आपल्या शेतकऱ्यांच्या राजाशेजारी नेऊन बसवला. हे कुठल्या मडमेच्या ध्यानीमनी असणार?

पुढची पायरी मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली ही मांग समाजातली मुलगी, उणीपुरी तीन वर्षं शिकलेली. तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि 1855 मध्ये तो छापला ‘ज्ञानोदय’नंच, म्हणजे नगरला सुरू झालेल्या मिशनच्याच पत्रानं. बाळंत होणाऱ्या बायांच्या डोक्यावर छप्पर नसतं, हे ती लिहिते. पेशवाईत आपल्या माणसांच्या मुंडक्यांचा खेळ झाला, हेही. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म तरी कोणता, असं ती थेट देवाला विचारते. उत्तर म्हणून ख्रिस्ताचं नाव घेत नाही. संपादकांना ते सोयीचं झालं असतं, पण पोरीनं प्रश्न प्रश्नच ठेवला. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. असा निबंध एकदाही तपासायला आला नाही.

आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी फुले पुण्याचे आणि मडम नगरच्या.

भिडेवाडा 2023 च्या डिसेंबरात पाडला, तिथे आता स्मारक व्हायचं आहे. जोतीराव-सावित्रीबाई तिथे असतीलच. ज्यांच्या हाती ते काम आहे त्यांना एवढंच सांगणं, की मुक्ताचा निबंध भिंतीवर पूर्ण लावा, आणि नगरच्या फरारबाईंसाठीही एक ओळ ठेवा.