तंबाखूचे मळे आणि गांवची शाळा

१६७१ सालीं लंडनहून व्हर्जिनिया वसाहतीच्या गव्हर्नराकडे एक प्रश्नावली आली. लोकांना धर्माचें शिक्षण देण्याची तेथें काय व्यवस्था आहे, असा तींत एक प्रश्न होता. गव्हर्नर सर विल्यम बर्कली याचें उत्तर मोठें विलक्षण होतें. वसाहतींत फुकट शाळा नाहींत आणि छापखानाहि नाहीं, याबद्दल त्यानें देवाचे आभार मानले होते. विद्येनें पाखंड आणि बंडाळी माजते, असें त्याचें मत!

त्याच वेळीं उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्समध्यें छापखाना सुरू होऊन तीस वर्षें उलटलीं होतीं. हार्वर्ड कॉलेज १६३६ मध्यें स्थापन झालें होतें. आणि पन्नास घरांच्या गांवानें मुलांना लिहावाचावयास शिकविणारा शिक्षक ठेवलाच पाहिजे, असा कायदा १६४७ मध्यें झाला होता. राजा एक, भाषा एक. मग हें अंतर पडलें कोठून?

१६०७ मध्यें व्हर्जिनियांत जेम्सटाउन येथें उतरलेले शंभरावर इंग्रज म्हणजे नुसते पुरुष आणि मुलगे. पुष्कळांचें लक्ष सोन्याकडे होतें. सोनें मिळालें नाहीं. १६०९-१० च्या हिवाळ्यांत उपासमारीनें वसाहत जवळजवळ ओस पडली. तिला तारलें तंबाखूनें. जॉन रॉल्फ यानें १६१२ च्या सुमारास वेस्ट इंडीजकडील सौम्य जातीची लागवड केली, आणि पांच वर्षांत जेम्सटाउनच्या रस्त्यांतहि तंबाखूचीं रोपें दिसूं लागलीं. हें पीक जमिनीचा कस झपाट्यानें शोषून घेतें, म्हणून सतत नवी जमीन हवी, आणि ती कसावयास माणसें हवींत. स्वखर्चानें माणूस आणणारास दरमाणशीं पन्नास एकर जमीन मिळे. त्यांतच नद्या इतक्या रुंद कीं विलायतेचें जहाज थेट मळेवाल्याच्या धक्क्याला लागे. त्याला शहराची गरजच भासेना. कोसाकोसावर विखुरलेल्या घरांतील मुलें कोणत्या शाळेंत जमावयाचीं?

मॅसॅच्युसेट्समध्यें १६३० पासून आले ते प्यूरिटन, आणि आले ते बायकामुलांसह. जमीन खडकाळ, उन्हाळा आंखूड. तंबाखूसारख्या पिकाचे मोठे मळे तेथें उभे राहिले नाहींत. शिवाय बायबल प्रत्येकानें स्वतः वाचावें, हा त्यांच्या धर्माचा आग्रह. जमिनीची वांटणी गांवामार्फत होई आणि घरें बहुधा प्रार्थनामंदिराच्या आसपास असत. शाळा निघाली ती अशा गांवांत. या लोकांना उदार मात्र म्हणतां येणार नाहीं. १६५९ ते १६६१ या काळांत बोस्टन येथें त्यांनीं चार क्वेकरांना फांशीं दिलें, आणि १६४१ च्या त्यांच्या कायद्यानें युद्धांत धरलेल्यांची गुलामगिरी मान्य केली होती.

बर्कलीचें बंड शाळांवांचूनहि चुकलें नाहीं. १६७६ मध्यें करारांतून सुटलेले भूमिहीन गोरे, करारानें बांधलेले नोकर आणि निग्रो गुलाम यांनीं मिळून जेम्सटाउन जाळलें. त्यांचा पुढारी नथॅनिएल बेकन हा स्वतः केंब्रिजला शिकलेला होता! विलायतेंतून येणारे करारी नोकरहि पुढें कमी झाले, आणि मळेवाले अधिकाधिक आफ्रिकन माणसें विकत घेऊं लागले. या माणसांच्या बाबतींत कराराची मुदत संपण्याचा प्रश्नच नव्हता. मूल आईप्रमाणेंच गुलाम किंवा स्वतंत्र ठरेल, हा कायदा व्हर्जिनियानें १६६२ मध्येंच करून ठेवला होता.