रेडियंट सिल्व्हरगन

रेडियंट सिल्व्हरगन हा ट्रेझर या जपानी कंपनीने विकसित केलेला विज्ञानकथाधारित अ‍ॅक्शन व्हिडिओ गेम आहे. तो उभ्या दिशेने सरकणाऱ्या पडद्यावर अंतराळयान चालवून शत्रूंवर गोळीबार करण्याच्या ‘शूट-एम-अप’ या प्रकारात मोडतो. मे १९९८ मध्ये तो जपानमधील आर्केड केंद्रांत आला आणि २३ जुलै १९९८ रोजी सेगा सॅटर्न या गृहसंचासाठी प्रकाशित झाला. सॅटर्नची आवृत्ती फक्त जपानमध्ये विकली गेली. त्यामुळे पुढील अनेक वर्षे तिची मूळ तबकडी मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकली जात होती आणि संग्राहकांच्या दृष्टीने सॅटर्नवरील सर्वांत प्रतिष्ठित खेळांमध्ये तिची गणना होऊ लागली.

निर्मिती

कोनामी कंपनीतून बाहेर पडलेल्या विकासकांनी मासातो माएगावा यांच्या नेतृत्वाखाली १९९२ मध्ये ट्रेझरची स्थापना केली. रेडियंट सिल्व्हरगन हा या कंपनीचा पहिला आर्केड खेळ होय. त्याचे दिग्दर्शन हिरोशी इउची यांनी केले, तर संगीत हितोशी साकिमोतो यांचे आहे. आर्केड आवृत्ती सेगाच्या एसटी-व्ही या संचावर चालत असे. या संचाची अंतर्गत रचना सॅटर्नसारखीच असल्यामुळे घरगुती आवृत्ती मूळ खेळाशी फार जवळची राहिली. सॅटर्न आवृत्तीत गोन्झो या स्टुडिओने तयार केलेली सचेतपट दृश्येही आहेत.

कथानक

इ.स. २५२० मध्ये जमिनीखालून एक प्रचंड स्फटिकसदृश वस्तू सापडते. पुढच्या वर्षी तिच्यामुळे पृथ्वीवरील मानवजात नष्ट होते. कक्षेत असलेल्या ‘टेट्रा’ या यानावरील मोजकी माणसे आणि ‘क्रिएटर’ नावाचा यंत्रमानव एवढेच वाचतात. वर्षभरानंतर रसद संपत आल्यामुळे त्यांना पृथ्वीवर उतरावे लागते. विनाश आणि पुनर्निर्मिती यांचे न संपणारे चक्र हा कथेचा गाभा आहे. कथेचा शेवट निखळ विजयात होत नाही, ही गोष्ट या प्रकारच्या खेळांत वेगळी ठरते.

खेळाचे स्वरूप

वाटेत शस्त्रे गोळा करण्याची रूढ पद्धत या खेळात नाही. तीन मूळ शस्त्रे आणि बटणे एकत्र दाबून मिळणारी आणखी चार अशी सात शस्त्रे खेळाडूकडे सुरुवातीपासूनच असतात. तिन्ही बटणे एकाच वेळी दाबली की तलवार निघते. ही तलवार शत्रूच्या गुलाबी गोळ्या शोषून घेते आणि पुरेशा गोळ्या जमल्यावर तिचा एक अतिशक्तिशाली वार करता येतो. शस्त्रांच्या वापरातून मिळणाऱ्या गुणांनुसार त्यांची ताकद वाढत जाते. एकाच रंगाचे तीन-तीन शत्रू सलग पाडल्यास गुणांची साखळी तयार होते, म्हणून कोणाला मारायचे याइतकेच कोणाला सोडायचे हेही महत्त्वाचे ठरते. दृश्यांमध्ये ‘मेरी’ नावाचे कुत्रे लपवलेले असून ते शोधल्यास अतिरिक्त गुण मिळतात.

आर्केड आवृत्तीत खेळाडूला दोन मार्गांपैकी एक निवडावा लागतो. सॅटर्नसाठीच्या खास प्रकारात दोन्ही मार्गांवरचे टप्पे खेळता येतात आणि शस्त्रांची वाढलेली ताकद पुढील खेळासाठी साठवून ठेवता येते.

संग्राहक मूल्य

खेळ प्रकाशित झाला तेव्हा उत्तर अमेरिका व युरोपात सॅटर्नचा बाजार जवळजवळ संपला होता. जपानमध्येही त्याची जागा घेणारा ड्रीमकास्ट संच नोव्हेंबर १९९८ मध्ये आला. परिणामी परदेशी आवृत्ती निघाली नाही. खेळाचे संवाद जपानी असले तरी तो खेळण्यासाठी भाषा येण्याची गरज नव्हती. त्यामुळे परदेशातील खेळाडूंनी जपानी प्रतींची मागणी केली. प्रदेशबंधनामुळे ही तबकडी चालवण्यासाठी त्यांना जपानी संच किंवा कार्ट्रिजच्या खाचेत बसणारे रूपांतरक उपकरण घ्यावे लागे. मर्यादित पुरवठा, खेळाची ख्याती आणि पुनर्मुद्रणाचा अभाव या तीन कारणांनी भाव चढत गेला.

प्रतीची किंमत तिच्या पूर्णतेवर अवलंबून असते. तबकडीवर ओरखडे नसणे, माहितीपुस्तिका शाबूत असणे आणि डबीच्या कडेला बसवलेली, जपानीत ‘ओबी’ म्हणून ओळखली जाणारी कागदी पट्टी असणे या बाबी पाहिल्या जातात. ही पट्टी सहज हरवत असल्यामुळे ती असलेल्या प्रतीला अधिक भाव मिळतो. सॅटर्नच्या अस्सल तबकडीच्या बाहेरच्या कडेवर एक सुरक्षा-वलय असते. साध्या सीडी-रायटरने ते उमटवता येत नाही, म्हणून नकली प्रत ओळखण्यास त्याचा उपयोग होतो.

अस्सल प्रत मिळाली तरी खेळ सुरक्षित राहतोच असे नाही. साठवलेली प्रगती सॅटर्नच्या अंतर्गत स्मृतीत राहते आणि ती स्मृती एका छोट्या बॅटरीवर अवलंबून असते. बॅटरी संपली की शस्त्रांची साठवलेली ताकदही नाहीशी होते.

पुनःप्रकाशन

१४ सप्टेंबर २०११ रोजी हा खेळ एक्सबॉक्स ३६० वर डिजिटल स्वरूपात उपलब्ध झाला आणि जपानबाहेर प्रथमच अधिकृतपणे, मूळ तबकडीच्या बाजारभावाच्या मानाने अगदी अल्प किमतीत मिळू लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये तो लाइव्ह वायर या कंपनीमार्फत निन्टेन्डो स्विचवर आला आणि २०२३ मध्ये संगणकासाठी स्टीमवर प्रकाशित झाला. त्यामुळे खेळ खेळता येणे आणि मूळ तबकडी जवळ असणे या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. मूळ तबकडीला आजही मागणी आहे, परंतु खेळ खेळण्याचा ती आता एकमेव मार्ग राहिलेली नाही. दुसऱ्या बाजूला, डिजिटल प्रतीची उपलब्धता विक्रेत्याच्या निर्णयावर अवलंबून असते. एक्सबॉक्स ३६० चे ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झाले आणि त्या संचावरून नवीन खेळ विकत घेणे थांबले.

वारसा

इउची यांनीच दिग्दर्शित केलेला इकारुगा (२००१) हा रेडियंट सिल्व्हरगनचा वैचारिक वारसदार मानला जातो. निर्मितीच्या काळात त्याचे नाव ‘प्रोजेक्ट आरएस२’ असे होते. सात शस्त्रांऐवजी त्यात काळा आणि पांढरा हे दोनच रंग आहेत. यानाच्या रंगाच्या गोळ्या शोषून घेणे, विरुद्ध रंगाच्या चुकवणे आणि एकाच रंगाचे तीन-तीन शत्रू सलग पाडून साखळी बांधणे ही त्याची मूळ कल्पना असून तिची मुळे आधीच्या खेळात स्पष्ट दिसतात. इकारुगाची ड्रीमकास्ट आवृत्तीही २००२ मध्ये केवळ जपानमध्येच निघाली. मात्र २००३ मध्ये तो गेमक्यूबवर जपानबाहेरही प्रकाशित झाल्यामुळे तेथील खेळाडूंना त्यासाठी फार काळ थांबावे लागले नाही.