घरगुती सुरक्षा कॅमेरा

घरगुती सुरक्षा कॅमेरा हे घराच्या परिसरावर लक्ष ठेवून त्याचे चित्रण साठवणारे उपकरण आहे. न्यूयॉर्कमधील परिचारिका मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन व त्यांचे पती अल्बर्ट यांनी १९६६ मध्ये अशा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९६९ मध्ये मिळाले.

मांडणी
कॅमेरा सहज हात पोहोचणार नाही इतका उंच, परंतु येणाऱ्याचा चेहरा दिसेल अशा कोनात बसवतात. पाठीमागून तीव्र प्रकाश असल्यास चेहरे काळवंडतात.

दोष व निवारण
रात्री चित्र पांढुरके दिसण्यामागे भिंगावरील धूळ, कोळ्याचे जाळे किंवा समोरची काच असते. कॅमेऱ्याचा अवरक्त प्रकाश त्यांवरून परावर्तित होतो. चित्र वारंवार खंडित झाल्यास अडॅप्टर, जोडण्या व वायफायची क्षमता तपासतात. हार्ड डिस्क बिघडली तरी थेट चित्र दिसत राहते. त्यामुळे दोष चोरी झाल्यावरच उघड होऊ शकतो. म्हणून जुने चित्रण अधूनमधून पाहणे व नोंदीतील दिनांक-वेळ पडताळणे आवश्यक असते.

गोपनीयता
२०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रणालीने मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते. त्यामुळे पासवर्ड प्रथमच बदलणे आणि शेजाऱ्यांची दारे-खिडक्या चित्रणातून वगळणे इष्ट ठरते.