बंद पडलेल्या संगणकांचा इतिहास

आपल्याकडे संगणकाचा इतिहास लिहिला जातो तो प्रायः उद्घाटनांचा. पहिले यंत्र कोणत्या साली आले, ते कोणत्या संस्थेने बांधले, १९९१ मध्ये पुण्यात 'परम ८०००' हा महासंगणक कसा सिद्ध झाला, अशा नोंदी एकापुढे एक मांडल्या की ग्रंथ पुरा होतो. ते यंत्र पुढे किती दिवस चालले, कशाने बंद पडले, कोणी उघडले आणि उघडल्यावर आत काय सापडले, याविषयी अवाक्षर नसते. प्रस्तुत लेखक पेशाने मराठीचा अध्यापक असून हौसेखातर संगणक दुरुस्त करतो. मेहकर तालुक्यातील जानेफळ येथे बसून हे उद्योग करताना या यंत्राचा जो इतिहास दिसतो, त्याची एक बाजू थेट मराठी ग्रंथव्यवहाराला जाऊन भिडते. म्हणून हा लेखनप्रपंच.

खरे पाहता रूढ इतिहासातही दुरुस्ती जागोजाग आहे, फक्त तिच्याकडे कोणी थांबून पाहत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. नळी ही दिव्याच्या जातीची वस्तू. ती तापते आणि केव्हातरी जाते. असे यंत्र चालवणे म्हणजे निम्मा वेळ, कोणती नळी गेली, याचा शोध घेणे. त्याच दशकात आयबीएम ही कंपनी परदेशात वापरून झालेली '१४०१' जातीची यंत्रे मुंबईत नव्याने सिद्ध करून देशभर भाड्याने देत होती. भारतातील संगणकयुगाचा एक मोठा हिस्सा अशा रीतीने डागडुजी केलेल्या जुन्या मालावर उभा राहिला. पुढे १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यावरून मतभेद झाले आणि १९७८ मध्ये कंपनी देश सोडून गेली. तेव्हा देशभर विखुरलेली तिची यंत्रे सांभाळण्याचे काम १९७५ च्या अखेरीस स्थापन झालेल्या एका सरकारी कंपनीकडे आले. तिचे नाव कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. देखभाल हा शब्द नावातच मिरवणारी अशी संस्था विरळाच. १९८४ मध्ये मात्र ती नुसती 'सीएमसी लिमिटेड' झाली. २००१ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली आणि २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. आद्याक्षरांत दडलेला तो 'मेंटेनन्स' नंतर कोणाच्या ध्यानातही राहिला नाही.

१९८४ च्या नोव्हेंबरातील नव्या संगणक धोरणानंतर सुट्या भागांची आयात सुकर होत गेली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाग निवडून यंत्र जुळवून घेण्याची रीत रूढ झाली, आणि हा 'असेंबल' केलेला संगणक नव्वदीच्या दशकात तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. २००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि खेड्यांतूनही संगणकवर्ग निघाले. संगणक गावात आला तो असा. त्याला सांभाळणारा मात्र त्याच्यासोबत आला नाही.

येथे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ मधील ग्रंथाची आठवण होते. सुताराने आणि लोहाराने कुणब्याची अवजारे वर्षभर नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा न्यायचा, ही बलुत्याची पद्धत आजच्या परिभाषेत वार्षिक देखभालीचा करारच होय. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. धान्याच्या त्या वाट्यामागे जातीची सक्ती होती, हे आत्र्यांच्या वाचकाला सांगायला नको. परंतु कोणतीही वस्तू गावात टिकायची तर तिच्या दुरुस्तीची सोय गावातच लागते, एवढे त्या रचनेला ठाऊक होते. संगणक कोणत्याच बलुत्यात बसला नाही. तो आपोआप ज्याला इंग्रजी वाचता येते त्याच्या वाट्याला आला. निळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरे वाचून दाखवण्यासाठी मराठीच्या अध्यापकाला बोलावणे येते, यातली गंमत आमच्या विभागात अजून जुनी झालेली नाही.

निरोप ठरलेला असतो: "सर, सीपीयू चालूच होऊन नाही राह्यला जी." येथे सीपीयू म्हणजे अख्खी पेटी, पाठ्यपुस्तकातील व्याख्या सांगत बसण्यात अर्थ नसतो. निदानही बहुधा ठरलेले. पंख्यात सरकीच्या तंतूंचा आणि धुळीचा नमदा बसलेला असतो. रॅमच्या पट्टीचे दात काळवंडलेले असतात. ती काढून शाळेच्या खोडरबराने घासली की निम्मी यंत्रे बोलू लागतात. मालकाचा चेहरा मात्र किंचित पडतो. एवढ्यासाठी आपण घाबरलो होतो का, आणि एवढ्यासाठी सरांना पैसे विचारायचे का, असे दोन प्रश्न त्यावर एकदम उमटतात. दुसरा प्रश्न तो स्वतःच निकालात काढतो आणि चहा मागवतो.

२००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनात काढली. त्या काळाची खूण या यंत्रांच्या पोटात मिळते. वीज जाणे एक वेळ परवडते, येणे अधिक घातक. परतलेल्या विजेच्या पहिल्या झटक्याने एसएमपीएस जळत असे. नवा आणायचा तर मेहकर, तिथे नसला तर खामगाव, नाही तर अकोला. यंत्राच्या किमतीत जो कोणी हिशेबात धरत नाही तो हा एसटीचा प्रवास. त्यातच साधारणपणे १९९९ ते २००७ या काळात तयार झालेल्या पुष्कळ मदरबोर्डांवरील कपॅसिटर सदोष द्रावणामुळे फुगून फुटत. जगभर ही साथ होती. टोपीवर फुगवटा दिसला की तो काढून नवा डाखायचा. डाखण्याची तार कथील आणि शिशाची, १८३ अंशांच्या आसपास वितळणारी. जुलै २००६ पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक मालातील शिशावर निर्बंध आणले, तेव्हा नव्या बोर्डांवरचा डाख २१७ अंशांपुढे गेला आणि आमची पंचवीस वॉटची जुनी इस्त्री अपुरी पडू लागली. ब्रुसेल्समधल्या निर्णयाचा चटका जानेफळात असा बसतो. कथील आणि नवसागर घेऊन दारोदार फिरणाऱ्या कल्हईवाल्याचे आणि या कामाचे नाते सख्ख्या भावंडांचे आहे. एवढेच की कल्हई केलेले भांडे दारात चमकते. डाखलेला बोर्ड झाकणाआड जातो.

इतिहासाच्या अभ्यासकाने एका वस्तूकडे विशेष लक्ष द्यावे, ती म्हणजे बोर्डावरील तीन व्होल्टची, रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी. यंत्र बंद असतानाही कालगणना चालू ठेवण्याचे काम तिच्याकडे असते. ती मेली की घड्याळ बोर्डाच्या आरंभीच्या तारखेवर जाते. काही यंत्रे थेट १ जानेवारी १९८० वर जाऊन बसतात, कारण डॉसची कालगणनाच त्या दिवशी सुरू होते. मालक तारीख न सुधारता काम करीत राहतो आणि त्या अवस्थेत साठवलेल्या प्रत्येक मजकुरावर खोटी तारीख पडते. हस्तलिखिताच्या समाप्तीला लिहिलेल्या शकावर आपण शंका घेतो, तिथी-वार पडताळून पाहतो. फाइलीवरची तारीख मात्र यंत्राने दिली म्हणून प्रमाण मानतो. उद्या कोणी २००४ च्या पाणीटंचाईवरचा अर्ज १९८० चा म्हणून छापला तर नवल वाटू नये.

तथापि खरा घात व्हायचा तो अक्षरांचा. या पेशात 'फॉरमॅट मारणे' हा रामबाण उपाय समजला जातो. शहाणा मालक आपला मजकूर डी ड्राइव्हवर ठेवतो. मग सी ड्राइव्ह पुसायचा आणि विंडोज नव्याने टाकायचे. मजकूर जिथल्या तिथे सुरक्षित राहतो. परंतु दुसऱ्या दिवशी मालक प्रबंधाची फाइल उघडतो तो पडद्यावर रोमन अक्षरे, अधिक-उणे, कंस आणि टिंबे यांची रांगोळी. कारण फाँट सी ड्राइव्हवर होते, आणि ते गेले.

युनिकोडपूर्वीच्या मराठी फाँटांत 'क' हे अक्षर म्हणून कोठेच साठवलेले नसे. इंग्रजी अक्षरांच्या संकेतक्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एका फाँटात ज्या क्रमांकावर 'म', त्यावरच दुसऱ्यात अर्धा 'श'. चित्रांचा क्रमही डोळ्यांचा होता, उच्चाराचा नव्हे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी साठवली जाई आणि 'क' नंतर. युनिकोडमध्ये व्यंजन आधी, वेलांटी नंतर. रफार इकडचा तिकडे. त्यामुळे जुना मजकूर नव्या संकेतात आणायचा तर नुसती अदलाबदल पुरत नाही, क्रमही फिरवावा लागतो. त्यात परिवर्तक हिंदीसाठी केलेला असला तर पुष्कळदा 'ऱ्य' त्याच्या गावीच नसतो. मग 'आचाऱ्यास दक्षिणा दिली' याचे 'आचार्यास दक्षिणा दिली' होते आणि स्वयंपाकघरातला मनुष्य पाठशाळेत जाऊन बसतो. काही लिपी-सॉफ्टवेअर संगणकाच्या पाठीमागे समांतर पोर्टला लावायच्या कुलपासह मिळत. नव्या संगणकांवरून तो पोर्टच नाहीसा झाला. कुलूप आहे, दार नाही.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. परंतु विंडोज एक्सपीमध्ये ती नीट दिसण्यासाठी जोडाक्षरांची सोय मूळ सीडीवरून वेगळी टाकावी लागे, आणि खेड्यातल्या यंत्रासोबत मूळ सीडी असे हे कोण म्हणेल? त्यामुळे लग्नपत्रिका, ग्रामसभेची इतिवृत्ते, गणेश मंडळांच्या स्मरणिका, तालुका पातळीवरचे दिवाळी अंक आणि कितीतरी पीएच.डी. प्रबंध हे सारे जुन्या फाँटांतच होत राहिले. पानांची मांडणी पेजमेकरमध्ये होई; त्याची २००१ ची सातवी आवृत्ती शेवटची ठरली.

मराठीच्या विद्यार्थ्याला ही अवस्था अपरिचित नाही. चक्रधरांच्या लीळांत ज्या मेहकर-लोणारचा उल्लेख येतो, तो आमचाच परिसर. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवले. एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह, एवढीच ती युक्ती. विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा उलगडा होईपर्यंत मठांबाहेरच्या अभ्यासकांसाठी मराठी गद्याचे एक दालनच बंद होते. पोथ्या होत्या, शाई शाबूत होती, वाचता येत नव्हते. अक्षरांच्या अदलाबदलीचे तंत्र दोन्हीकडे एकच. फरक एवढा, की महानुभावांनी ते जाणूनबुजून केले आणि उलगडा सांगणारी माणसे पंथात शिल्लक होती. आम्ही ते नकळत केले आणि फाँट कोठून आणला होता हे डीटीपीवाल्यालाही आठवत नाही. मोडीचे दफ्तर वाचणारे थोडे का होईना, तयार होत असतात. बंद पडलेल्या एका खासगी फाँटाची मुळाक्षरे शिकवणारा वर्ग कोण काढणार?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी, पण उत्तम चालणारी यंत्रे त्यानंतर भंगारात निघू लागली आहेत. नव्या लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाखलेली असते, तेव्हा खोडरबराचे राज्यही संपत आले. भंगारवाला यंत्र वजनावर घेतो आणि आतल्या डिस्कचे वजन त्यातच धरतो. म्हणून हल्ली जानेफळात किंवा आसपास कोणी जुनी पेटी विकायला काढली, तर आम्ही आधी तिच्यातला फाँटांचा फोल्डर उतरवून घेतो, मग बाकीचे. आजवर अशा फाँटांचा बराच संग्रह झाला आहे. पुष्कळांची नावे बदललेली आहेत, काही एकाच फाँटाच्या तीन-तीन प्रती आहेत. सध्या टेबलावर ४० जीबीची एक डिस्क आहे. तिच्यावरचा दोनशे-सव्वादोनशे पानांचा वऱ्हाडी म्हणींचा संग्रह यांपैकी कोणत्याच फाँटात उघडत नाही. त्यातली बारा-तेरा चिन्हे लागली आहेत. 'ळ' अजून सापडायचा आहे.