देवळातली सायकल किती जुनी?



एक फोटो पुन्हा ग्रुपवर फिरतोय. देवळाचा दगडी खांब आणि त्यावर सायकल चालवणारा माणूस कोरलेला. खाली ठरलेला मजकूर: ‘दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे सायकल होती, गोऱ्यांनी ती चोरली.’ दोघा-तिघांनी मला विचारलं, “भाऊ, हाई खरं शे का?” म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोटो खरा आहे, देऊळही खरं आहे. तमिळनाडूत त्रिची शहराच्या उरैयूर भागातलं हे पंचवर्णस्वामी मंदिर. उरैयूर ही जुन्या चोळांची राजधानी, तेव्हा देवस्थान प्राचीन आहे यात वाद नाही. पण तिथल्या अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा कळलं, की १९२० च्या दशकात देवळाचा जीर्णोद्धार झाला होता. सायकल तेव्हा गावोगावी नवलाईची होती. रोज डोळ्यांसमोरून जाणारी ती वस्तू कारागिराने खांबावर उतरवली असणार. स्पेनमध्ये सालामांकाच्या जुन्या चर्चवर तर चक्क अंतराळवीर कोरलेला आहे! तो १९९२ च्या दुरुस्तीत बसवला. तिथे ते सगळ्यांना माहीत आहे, कारण दुरुस्तीची नोंद आहे.

सायकल काही एका दिवसात जन्मली नाही. १८१७ मध्ये जर्मनीत दोन चाकांची पहिली गाडी आली. तिला पॅडल नव्हतं, पायांनी जमीन रेटत जायचं. पॅडल आलं १८६० च्या दशकात. साखळीने मागचं चाक फिरवणारी, आपल्या ओळखीची सायकल १८८५ च्या सुमाराची. आपल्याकडे ती दोन हजार वर्षांपूर्वी असती, तर आधीचे कच्चे नमुने, लोहाराची हत्यारं, एखाद्या ग्रंथातला उल्लेख, काहीतरी सापडलं असतं. एकट्या खांबावर एवढा भार टाकता येत नाही.

दुसरा दावा आपल्या जास्त जवळचा, कारण दोंडाईच्यात मक्याचं स्टार्च बनतं. कर्नाटकात सोमनाथपूरचं केशव मंदिर तेराव्या शतकातलं. तिथल्या मूर्तींच्या हातात मक्याच्या कणसासारखं काहीतरी दिसतं. मका मूळचा मेक्सिकोचा, आणि कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये. मग हे कणीस कुठून आलं? जोहानेसन या अमेरिकन भूगोल-अभ्यासकाने १९८९ मध्ये ते मकाच असल्याचं लिहिलं. यावर आपल्याकडच्या मका-शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं, की हे मोत्यांनी मढवलेलं काल्पनिक मुक्ताफळ आहे. काही जण म्हाळुंग म्हणतात. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातही म्हाळुंग आहेच. शिवाय त्या काळातल्या मक्याचा सर्वमान्य पुरावा कुठल्या उत्खननातून पुढे आलेला नाही. आपल्याला मका रोज दिसतो, म्हणून डोळा तिथेही मकाच पाहतो.

आता आपल्या खान्देशाकडे या. चाळीसगावजवळच्या पाटणला शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, हे त्यात कोरलेलं आहे. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. तेलाच्या घाण्यामागे मठाला किती तेल द्यायचं, इथपर्यंत हिशोब आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्या मातीत गणित-ज्योतिष शिकवायला मठ होता आणि गावचा तेली त्याला तेल देत होता! एवढा अस्सल अभिमान दगडात लिहिलेला असताना फॉरवर्डमधली सायकल कशाला हवी?

एक काळजीही वाटते. गावोगावी जीर्णोद्धार जोरात चालू आहेत. संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावं आणि रकमा येतात. पण कुठला खांब जुना, कुठला नवा, कुठली मूर्ती हलवली, किती साली, हे कुणी लिहीत नाही. जुन्या कोरीव शिळा ढिगाऱ्यात जातात, उरलेल्यांवर ऑइलपेंट बसतो. साक्री तालुक्यात बळसाण्याला हेमाडपंती देवळांचा समूह आहे. अशा ठिकाणी चुकीचा हात पडला तर दगडाची भाषाच पुसली जाईल. मग आपली नातवंडं कालच्या खांबाला हजार वर्षांचा म्हणतील आणि हजार वर्षांच्या शिळेवर धुणं धुतील.

म्हणून एकच विनंती. तुमच्या गावच्या देवळाचं काम काढायच्या आधी प्रत्येक खांबाचे, प्रत्येक शिळेचे फोटो काढा, तारीख टाका. काम झाल्यावर देणगीदारांच्या पाटीखाली दोन ओळी वाढवा: काय बदललं आणि कोणत्या साली. खर्च फार नाही. पाटणच्या लोकांनी तेलाचा हिशोब दगडावर लिहिला, आपण निदान खांबाचा तरी लिहू.

पटलं तर तुमच्या गावच्या मंदिर समितीपर्यंत हे पोचवा.