लाइन (मराठी चित्रपटातील एकतर्फी प्रेम)

लाइन (स्त्री.) : शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या बोलीत, एखाद्याचे मन जिच्यावर बसले आहे ती मुलगी. ‘शिरोडकर ही जोश्याची लाइन’ असे म्हटले की वर्गाला पुढचे काही सांगावे लागत नाही आणि शिरोडकरला कुणी काही विचारलेले नसते. मुलगा लाइन ‘मारतो’, मुलगी लाइन ‘देते’ किंवा देत नाही. तिच्या मागे आधीच कोणी नसेल तर लाइन ‘क्लिअर’ असते. हा शेवटचा प्रयोग सरळ रेल्वेच्या सिग्नलवरून उचललेला आहे. वयात येण्याच्या कथा सांगणाऱ्या मराठी चित्रपटांचा एक ठळक प्रवाह या शब्दाभोवती उभा राहिला. त्याचा भर 2012 ते 2017 या काळातला. ‘शाळा’, ‘टाइमपास’, ‘फँड्री’ आणि ‘ती सध्या काय करते’ हे त्यातले प्रमुख चित्रपट. या सगळ्यांत मुलाला काय वाटते ते प्रेक्षकाला पुरेपूर कळते. मुलीला काय वाटते ते बहुतेक वेळा अंदाजाने घ्यावे लागते. ‘एकतर्फी’ हा शब्द म्हणून येथे दोन्ही अर्थांनी लागू पडतो : प्रेम एका बाजूचे आणि कथाही एकाच बाजूने पाहिलेली.

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात ‘लाइन’ला आणखी एक, जुना अर्थ आहे. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी 1853 मध्ये सुरू झाली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले आणि वाटेतल्या गावांचे दोन भाग झाले. तेव्हापासून माणूस लाइनीच्या अलीकडचा तरी असतो नाहीतर पलीकडचा. डोंबिवली आणि कल्याण यांच्यामध्ये दबून बसलेले ठाकुर्ली हे याचे चांगले उदाहरण. येथे फास्ट लोकल थांबत नाही. रेल्वेच्या विजेसाठी उभारलेले चोळ्याचे पॉवर हाऊस, रेल्वे कामगारांची बावनचाळ, आगरी वस्तीची चोळे-खंबाळपाड्यासारखी गावे आणि मुंबईत जागा परवडेना म्हणून आलेली कारकुनी, मास्तरकीची पांढरपेशी कुटुंबे, असे सगळे एकमेकांना खेटून राहिले. मुलगा चाळीतला, मुलगी सोसायटीतली. दोघे एकाच शाळेत, पण घरचे पाणी निराळे. फाटक पडले की दोघे थांबणार एकाच जागी, ती मैत्रिणींच्या घोळक्यात आणि हा सायकलवर एक पाय टेकवून. पुढे कॉलेजला जाताना ती लेडीज डब्यात, हा शेजारच्या डब्याच्या दारात. बोलणे न होता दोन-चार वर्षे निघून जाण्यासाठी यापेक्षा सोयीची रचना सापडणे कठीण. या प्रवाहातली काही महत्त्वाची नावे याच पट्ट्यातली आहेत, हा निव्वळ योगायोग मानण्याचे कारण नाही. कादंबरीकार मिलिंद बोकील ठाण्याचे, दिग्दर्शक रवी जाधव आणि अभिनेत्री तेजश्री प्रधान डोंबिवलीचे.

पडद्यावर येण्याआधी ‘एकतर्फी प्रेम’ हे शब्द मराठी घरांत वर्तमानपत्रातून आले होते आणि तेथे त्यांचा अर्थ कोवळा नव्हता. मार्च 1990 मध्ये ठाकुर्लीपासून काही मैलांवरच्या उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलीला नकाराचा सूड म्हणून परीक्षेच्या वर्गातच जाळून मारण्यात आले. त्यानंतर कित्येक वर्षे ‘एकतर्फी प्रेमातून’ ही बातमीची ठरीव सुरुवात होऊन बसली. या प्रवाहातले चित्रपट बहुतांशी मागचा काळ रंगवतात, आठवणींच्या उन्हात न्हालेला. त्या काळावर ही सावलीही होती, हे मात्र त्यांतून क्वचितच जाणवते.

प्रवाहाचा उगम बोकील यांच्या ‘शाळा’ या कादंबरीत आहे (मौज प्रकाशन, 2004). काळ आणीबाणीचा, वर्ग नववीचा, निवेदक मुकुंद जोशी. सुऱ्या, चित्रे, फावड्या ही त्याची टोळी. एक अर्धवट बांधलेली इमारत हा अड्डा. वर्गात सगळे एकमेकांना आडनावाने ओळखतात, त्यामुळे जिच्यावर त्याचा जीव जडतो ती मुलगीही मनातल्या मनात ‘शिरोडकर’च राहते. हा तपशील लहान वाटला तरी बोकिलांच्या कानाची पावती आहे. मराठी कथा-कादंबरीतले प्रेम तोवर बरेचसे ‘तू’ आणि ‘प्रिये’च्या भाषेत चाले. येथे ते हजेरीपटाच्या भाषेत आले. कादंबरीवर ‘गमभन’ हे नाटक झाले, मिलिंद उके यांनी ‘हमने जीना सीख लिया’ हा हिंदी चित्रपट काढला, आणि सुजय डहाके यांचा मराठी चित्रपट 20 जानेवारी 2012 रोजी प्रदर्शित झाला. डहाके यांचा हा पहिलाच चित्रपट. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर मुख्य भूमिकांत, केतन पवार सुऱ्याच्या, जितेंद्र जोशी नरूमामाच्या. छायाचित्रण दिएगो रोमेरो या स्पॅनिश छायालेखकाचे, संगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचे. 59 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि अविनाश देशपांडे निगडी यांना रूपांतरित पटकथेचा पुरस्कार मिळाला.

‘शाळा’त एकाच गोष्टीच्या दोन परी शेजारी ठेवल्या आहेत. सुऱ्या त्याला आवडणाऱ्या मुलीला, केवडाला, रोखठोक विचारतो. प्रकरण शाळेच्या कचेरीपर्यंत जाते, मारही खावा लागतो. जोशी विचार करत राहतो. नरूमामाचा सल्ला घेतो, वाट बघतो, बोलायला मिळालेले चार शब्द पुन्हा पुन्हा घोळवतो. नववी संपते तेव्हा शिरोडकर गाव सोडून गेलेली असते. म्हणजे नकार असा कुणी दिलेलाच नाही. मुलगी बापाच्या बिऱ्हाडाबरोबर निघून गेली. नोकरदार मराठी घरांत बदलीने जितकी पहिली प्रेमे मोडली तितकी जातीने किंवा बापाच्या छडीनेही मोडली नसतील. आणीबाणी या कथेत नुसती पार्श्वभूमी म्हणून येत नाही. मोठ्यांनाही बोलायची चोरी आहे, म्हणून मुलांचे न बोलणे आपोआप मोठे होते. चित्रपटात ही जोडणी कादंबरीइतकी घट्ट राहिलेली नाही. निवेदकाच्या मनातली सततची बडबड पडद्यावर मावत नाही, आणि ती गेली की उरलेल्या शांततेला चित्रचौकटींच्या देखणेपणावर भागवावे लागते. तरीही वर्गातली खसखस, फळ्याकडे पाठ करून झालेली नजरानजर आणि शिबिरातली मोकळीक या जागा कादंबरीच्या तोडीच्या उतरल्या आहेत.

पुढच्या वर्षी 4 जानेवारीला रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ आला. तो प्रेमापेक्षा शरीराच्या कुतूहलाविषयी आहे, म्हणून येथे त्याची दखल मुख्यतः प्रथमेश परब या नटासाठी. जाधव यांनी त्याच मुलाला घेऊन ‘टाइमपास’ काढला (3 जानेवारी 2014; पटकथेत प्रियदर्शन जाधव सहभागी). दगडू दहावीत नापास झालेला, बाप रिक्षावाला. तो प्राजक्ता लेले या सोवळ्या घरातल्या मुलीच्या मागे आधी नुसता ‘टाइमपास’ म्हणून लागतो आणि मग सुटका राहत नाही. तिचे वडील माधव लेले (वैभव मांगले) यांना तो ‘शाकाल’ म्हणतो. दगडूच्या बापाचे काम भाऊ कदम यांचे. चिनार-महेश यांची गाणी लग्नाच्या बँडपासून रिक्षाच्या टेपपर्यंत सगळीकडे वाजली आणि चित्रपट तोवरच्या सर्वाधिक गल्ला जमवणाऱ्या मराठी चित्रपटांत जाऊन बसला. समीक्षकांनी त्याला बाळबोध म्हटले. तसा तो आहेही. पण डोंबिवलीसारख्या गावात मराठी माणूस मराठी माणसालाच कसा ओळखतो, पोळीवरच्या तुपाने, शब्दांच्या उच्चारांनी, देवघराच्या जागेने, हे त्यात जितके नेमके आहे तितके पुष्कळ गंभीर चित्रपटांत नाही. लेल्यांच्या उंबऱ्याशी दगडूची भाषाच अडखळते. हा विनोद म्हणून घेतलेला प्रसंग आहे, पण हसताना घशात काहीतरी अडकते. प्राजक्ताचे प्रेम असते, म्हणून काटेकोर अर्थाने हे एकतर्फी नव्हे. निकाल मात्र घरच देते. ‘टाइमपास 2’ (1 मे 2015) मध्ये प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट यांनी तीच दोघे मोठी झालेली दाखवली. त्यात पहिल्या भागाची धग नाही.

दोन नोंदी ओघात. ‘शाळा’, ‘बालक-पालक’, ‘टाइमपास’, ‘ती सध्या काय करते’ हे चारही चित्रपट जानेवारीत लागले, सहामाही उलटलेली आणि वार्षिक परीक्षेची धास्ती अजून न बसलेली अशा महिन्यात. आणि यांतल्या बहुतेक नायिका गाणाऱ्या मुली आहेत. शिरोडकर आणि प्राजक्ता या दोन्ही भूमिका केतकी माटेगावकरने केल्या. ‘ती सध्या काय करते’मधली तरुण तन्वी म्हणजे ‘लिटिल चॅम्प्स’ या गाण्याच्या कार्यक्रमातून घराघरांत गेलेली आर्या आंबेकर. या मुलींच्या वाट्याला संवादांपेक्षा सूर जास्त आले. निर्मात्याच्या हिशेबात ते बरोबरच होते. पण मुलगी गाते आणि मुलगा बोलतो ही वाटणी एकदा ध्यानात आली की मग सगळीकडे दिसू लागते.

‘टाइमपास’नंतर सहा आठवड्यांनी, 14 फेब्रुवारी 2014 रोजी, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ प्रदर्शित झाला. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. गाव नगर जिल्ह्यातले अकोळनेर. जब्या (सोमनाथ अवघडे) हा कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा. बाप कचरू (किशोर कदम) गावाची पडेल ती कामे करतो आणि त्यांत डुकरे धरण्याचेही आहे. वर्गातल्या शालूवर (राजेश्वरी खरात) जब्याचे मन बसले आहे. पिऱ्या या मित्राबरोबर तो काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो, कारण तिची राख अंगावर टाकली की मुलगी वश होते असा समज. त्याला जीन्स हवी आहे. सायकलवर गारेगार विकून तो तिचे पैसे जमवू बघतो. ठाकुर्लीच्या फाटकावरचा मुलगा आणि जब्या यांच्या इच्छांत काडीचा फरक नाही, आणि मंजुळे यांची सगळी ताकद या साम्यात आहे. जब्याचे प्रेम वेगळे नाही, फक्त त्याला उभे राहायला जागा नाही.

शेवटच्या भागात सगळे कुटुंब डुक्कर धरायला शाळेजवळच्या मोकळ्या जागेत उतरते. वर्गमित्र बघायला जमलेले, आणि त्या बघ्यांत शालूही. जब्या आडोसा शोधत राहतो. मध्येच राष्ट्रगीत सुरू होते तेव्हा सगळे जागच्या जागी थबकतात आणि डुक्कर तेवढे निसटते. पुढे धरलेले डुक्कर खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी रंगवलेल्या दिसतात. मग जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. मुंबई चित्रपट महोत्सवात 2013 मध्ये चित्रपट गौरवला गेला होता; 61 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत मंजुळे यांना पदार्पणासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार आणि अवघडे याला बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. अजय-अतुल यांचे जाहिरातीसाठी केलेले गाणे इतके गाजले की पुष्कळ प्रेक्षक प्रेमकथा समजूनच चित्रपटगृहात शिरले. व्हॅलेंटाइनच्या दिवशी तो लावणे ही प्रदर्शकांची युक्ती असो की दिग्दर्शकाचा खवचटपणा, दगड ज्यांच्यासाठी होता ते लोक त्यामुळे बरोबर समोर येऊन बसले. ‘शाळा’ आणि ‘टाइमपास’ यांनी उरी बाळगलेली हुरहूर या एका दगडाने फुटते. शालू मात्र येथेही जवळजवळ मुकीच आहे. तिला काही कळले होते का, हसताना तिच्या मनात काय होते, हे दिग्दर्शक सांगत नाही. जब्याच्या जागेवरून ते दिसण्यासारखे नव्हते असा त्याचा बचाव करता येईल.

सतीश राजवाडे यांचा ‘ती सध्या काय करते’ (6 जानेवारी 2017, लेखन मनस्विनी लता रवींद्र) हा तारुण्याच्या उंबरठ्यापलीकडे जाऊन मागे बघतो. अनुराग आणि तन्वी यांची तीन वये तीन जोड्यांनी रंगवली आहेत : हृदित्य राजवाडे आणि निर्मोही अग्निहोत्री, अभिनय बेर्डे आणि आर्या आंबेकर, अंकुश चौधरी आणि तेजश्री प्रधान. मैत्री आहे, घरोबा आहे, तरी योग्य वेळी योग्य शब्द निघत नाही, आणि अनुराग दुसऱ्याच मुलीशी सुखाने संसार करत असताना तन्वी पुन्हा भेटते. मध्यमवर्गाला हा चित्रपट फार जवळचा वाटला. शीर्षकातला प्रश्न आधीच प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होता आणि उत्तर शोधायला रात्री अकरानंतरचा फेसबुकचा शोधखण पुरे होता. चित्रपटाची एक गोष्ट मात्र बिनतोड आहे : तेजश्री प्रधानच्या तन्वीला बोलायला मिळते. उशिरा, मोजकेच, पण आपल्या बाजूची हकीकत ती आपल्या तोंडाने सांगते. या प्रवाहात असे प्रसंग थोडे.

या सगळ्यांना छेद दिला तो ‘सैराट’ने (29 एप्रिल 2016). दिग्दर्शक पुन्हा मंजुळेच. नायक परश्या विहिरीपाशी, नदीकाठी, वर्गात अर्चीला बघत राहतो तोवर चित्रपट जुन्या वाटेनेच जातो. मग बुलेटवरून येणारी अर्ची (रिंकू राजगुरू) त्याच्या बघण्याला मान वर करून उत्तर देते आणि ‘लाइन’ या शब्दाचे तेथे काही काम उरत नाही. ती कुणाची लाइन नसते. पुढे त्या दोघांचा खून होतो, ते शेवटच्या चौकटीतल्या लहान मुलाच्या रक्ताळलेल्या पावलांवरून सर्वांना माहीत आहे.