आत्याचा आकडा

आमच्या रोह्याच्या आत्याच्या छातीत धातूची झडप आहे. रात्री सगळं शांत झालं की शेजारी निजणाऱ्याला तिची टिकटिक ऐकू येते. १९८८ साली परळला ऑपरेशन झालं. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, जन्मभर. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव.

ह्या गोळ्यांचं मूळही गमतीचं. १९२०च्या दशकात अमेरिकेत बुरशी लागलेलं क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. त्यातलं द्रव्य विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने शोधलं. त्यावरून बनलेलं वॉरफरीन १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं, आणि १९५४ मध्ये माणसांचं औषध झालं! आत्याची गोळी त्याच कुळातली.

तर सांगायची गोष्ट अशी, की सुरुवातीला आत्या दर महिन्याला रक्त तपासायला थेट परळला जायची. दिवा गाडी, पुढे लोकल. पेणला मी डबा घेऊन स्टेशनवर उभा. "रोह्यात नाही का तपासत?" मी एकदा विचारलं. तपासत, पण तो आकडा परळला उपयोगी नव्हता. रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, त्यासाठी त्यात थ्रोम्बोप्लास्टिन घालायचं, आणि त्याची ताकद प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळी. इथले वीस सेकंद म्हणजे तिथले वीस नव्हेत.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये ही ताकद हिशोबात धरणारा आयएनआर स्वीकारला होता. आत्याच्या रिपोर्टवर तो यायला बरीच वर्षं गेली. पण आल्यावर रोह्यातला आकडा मुंबईत वाचता येऊ लागला. दुरून उपचार फोनमुळे शक्य झाले असं आपण म्हणतो. माझ्या मते त्याआधी ह्या आकड्यामुळे झाले.

२०२०च्या मार्चमध्ये गाड्या बंद झाल्या तेव्हा ह्याच आकड्याने आत्याला तारलं. रक्त रोह्यात, डॉक्टर फोनवर. एकदा आयएनआर २.९ आला. तिच्यासाठी उत्तम. "गोळी तीच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले.

दोन दिवसांनी मी कसाबसा रोह्याला पोचलो. आत्याने चहाचा कप पुढे केला, पदर सरकला आणि दंडावर हाताएवढा काळानिळा डाग दिसला. गुडघा दुखतो म्हणून ती शेजारणीकडची वेदनाशामक गोळी घेत होती. त्याने आयएनआर फारसा न हलताही रक्तस्राव होऊ शकतो. फोनवर कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. लगेच व्हिडिओवर डॉक्टरांना दंड दाखवला, ती गोळी बंद झाली. थोडक्यात निभावलं.

दर महिन्याचा तो प्रवास परत यावा असं मी मुळीच म्हणणार नाही. आत्याच्या वयाला तो झेपणारही नाही. फक्त आता रिपोर्टच्या आठवड्यात मी पेणहून रोह्याला जातो, चहा पितो आणि तिला दोन्ही हात दाखवायला सांगतो. ती चिडते, पण दाखवते.